आप्पांनी सरळ केलेल्या केबली

हिरवे दिवे लागले की बाकीची माणसं निवांत होतात. मला तेव्हाच चैन पडत नाही. पिवळा लागला तर निदान काय बिघडलंय ते शोधायला तरी लागता येतं. हिरव्याला काय विचारणार? तो आपला लुकलुकत राहतो आणि मी अर्ध्या ताटावरून उठून पुन्हा एकदा बघून येते. घरातली म्हणतात, हिला सवयच लागलीय. असेल. पण लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी या सवयीनं मला जे पळवलं, ते सांगायला बसलेय.

आमचं घर बेळगावच्या वडगावातलं, विणकराचं. लग्न होऊन आले तेव्हा घरात पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं काम माझ्याकडे आलं. साडीच्या काठाची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्यावर भोकं, आणि ते पुठ्ठे एकापुढे एक शिवून मागावर चढवायचे. माग भोकं वाचतो आणि नक्षी उतरते. पुढे गल्लीच्या टोकाला आमच्या सोसायटीची शेड झाली, पुठ्ठे गेले, नक्षी कॉम्प्युटरवर काढायची वेळ आली. मी सातवी शिकलेली. कॉम्प्युटर बसवायला आलेल्या पोराच्या पाठीमागे उभी राहून बघितलं, तो गेल्यावर करून बघितलं, अडलं तिथं फोन केला. असं करत करत सगळ्यांच्या नक्ष्या सांभाळायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

या नक्ष्या ज्यात राहतात तिला शेडमध्ये सगळे पेटी म्हणतात. खरं नाव स्टोरेज. बेंगळूरच्या कुठल्याशा कंपनीनं जुनी म्हणून काढलेली, आमच्या चेअरमननी आणली. पुढच्या बाजूला वर डिस्का, खाली दोन कंट्रोलर, केबली सगळ्या पाठीमागे. डिस्का म्हणजे कपाट समजा आणि कंट्रोलर म्हणजे त्या कपाटातून काढून देणारी बाई. मग दोन बाया कशाला? तर एकीला काही झालं की दुसरीनं कुणी न सांगता काम उचलावं म्हणून. मला हे लगेच पटलं होतं. आमच्या घरात आम्ही दोघी जावा होतो. थोरलीला ताप आला की मी चुलीपुढे, मला आला की ती. बाहेर बसलेल्या बाप्यांना ताट कुणी वाढलं हे कळायचंसुद्धा नाही.

पेटीतनं निघालेल्या केबली दोन चपट्या डब्यांत जातात. त्यांना स्विच म्हणतात, पण दिव्याच्या बटणाशी त्यांचं काही नातं नाही, नुसते केबली खोचायचे डबे. एक वर, एक खाली. आणि त्यांच्याही वरच्या फळीवर एक कॉम्प्युटर, जो पेटीकडून नक्षी मागून घेतो आणि मागांना थोडी थोडी वाटत राहतो. माग एका वेळी थोडाच भाग उचलतो, तेवढा विणून झाला की पुढचा मागतो. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

तर लेक. ती निपाणीत शाळेत शिकवते, जावई कागलकडं कारखान्यात पाळीच्या ड्युटीवर. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ती वडगावला यायची होती, खोली सारवून झाली होती. पण आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, प्रवास बिलकुल नको, पडून राहा. सासू नाही. म्हणजे माहेरानंच तिच्याकडे जायचं. माहेर म्हणजे मी.

चेअरमनना सांगितलं, मी दीड-दोन महिने निपाणीला चालले. ते चांगले गृहस्थ आहेत, नाही म्हणायचे नाहीत. पण बोलले ते असं, "जा की आक्का. लेकीचं काम हाय, तुला कोण अडवणार? खरं पेटी बसली तर आमी कुणाला हाक मारायची? लग्नाचे दिवस तोंडावर हाईत."

आमच्या बेळगावात पणच्या जागी खरं म्हणतात. ते खरं माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मी नसताना पेटीला काही झालं तर सगळे माग उभे, आणि ते उभे राहिले तर मला लेकीला तसंच टाकून परत यावं लागणार. निपाणी काही लांब नाही, पण कळा कुणाची बस बघून येत नाहीत.

टिळकवाडीत एक दुरुस्तीवाला पोरगा आहे, पेटी त्यानंच बसवून दिलेली. मला मावशी म्हणतो. त्याला फोन केला, म्हटलं, दिवे सगळे हिरवे आहेत, मी गेले तर चालेल ना?

तो म्हणाला, "मावशी, दिवे काय सांगणार? कंट्रोलर जिवंत हाय एवढंच. दुसरा काम उचलतोय का न्हाय हे बघायचं तर एक बाहेर वडायला पायजे. बसवताना आपण वडून बघितलतो. त्याच्यानंतर कधी बघितलासा?"

नव्हतं बघितलं. चालू माग कोण थांबवून बघणार? मध्येच माग थांबला की साडीवर आडवी पट्टी उठते, ती धुतली तरी जात नाही.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भाकरी थापताना पेटी, देवपूजेत पेटी. लेकीचा रोज फोन, "आई, कधी येतीस?" मी म्हणायचे, दोन दिवसांत. दोन दिवस झाले की परत दोन दिवस. शेवटी एका दुपारी ठरवलं, आज ओढायचाच.

जेवायच्या सुट्टीत निम्मे माग बंद असतात, ती वेळ धरली. उरलेल्या मागांवरच्या बायकांना सांगितलं की कदाचित थांबतील. दाराजवळच्या मागावर एक बाई बसते, तिच्या तोंडापुढे कुणी टिकत नाही. ती म्हणाली, "आक्का, पोरगी बाळंत हुणार म्हणून तुलाच कळा याला लागल्यात बग."

माझे थोरले दीर दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळी शेड त्यांना आप्पा म्हणते, मीही. आता नजर कमी आली म्हणून मागावर बसत नाहीत, पण शेडची किल्ली त्यांच्याकडे आणि झाडलोट, पुसापुशी त्यांच्याकडे. ते म्हणाले, "चालतंय ते चालू दे की गं. कशाला उगंच हात घालालीस?"

मी पेटीपुढे बसले. खटका दाबला, कडी धरली आणि डावा कंट्रोलर ड्रॉवरसारखा बाहेर ओढला.

उजव्याचा दिवा जरासा लुकलुकला आणि पक्का हिरवा झाला. मी म्हटलं, उठली बाई. माग चालू होते. मी पदरानं तोंड पुसलं. आणि तेवढ्यात पार कोपऱ्यातला माग थांबला. मग त्याच्या शेजारचा. हातातला भाग विणून झाला की पुढचा मागायचा, आणि मागितला तर कुणी देईना. एकेक करून सगळे थांबले. चालत्या शेडमध्ये आपण ओरडून बोलतो, आवाज थांबला तरी तसेच ओरडतो. दाराजवळची बाई त्याच आवाजात म्हणाली, "सगळ्यास्नी जेवाय सोडलीस व्हय, आक्का?"

मी डावा परत आत ढकलला. थोड्या वेळानं माग सुरू झाले. उजव्याचा दिवा आधीही हिरवा होता, मध्येही हिरवा होता आणि नंतरही हिरवाच.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, बसचं काय ठरलं?" मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "आई, इथं दिवसभर मी एकटीच असते गं. छत बघत."  काय सांगणार? की एक पेटी आहे, तिच्यात दोघी आहेत, आणि दुसरी उठली तरी वाढत नाही?

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला नंदगडकडं कुठल्या कामावर होता. व्हिडिओवर आला. मला म्हणाला, पेटी भिंतीपासून सरकवा, बॅटरी धरा आणि मोबाईल पाठीमागे न्या. मी नेला. त्यानं तो दोनदा वर-खाली फिरवायला लावला.

मग म्हणाला, "मावशी, ह्या केबली कुणी लावल्या?"

"तूच लावलास की."

"न्हाय. मी एवढ्या नीट लावत न्हाय."

मी वाकून बघितलं. खरंच, बघत राहावं अशा केबली. डाव्या कंट्रोलरच्या दोन्ही केबली वरच्या डब्यात, उजव्याच्या दोन्ही खालच्या डब्यात, कॉम्प्युटर वर आहे म्हणून त्याच्याही दोन्ही वरच्याच डब्यात. एकही दुसरीवरून गेलेली नाही, सगळ्या एका ओळीत, मागाच्या फणीत भरलेल्या दोऱ्यांसारख्या, आणि जागोजागी सुतानं बांधलेल्या.

तो फोनवर समजावून सांगायला लागला. प्रत्येक कंट्रोलरची एक केबल वर आणि एक खाली जायला पाहिजे. कॉम्प्युटरचीही तशीच. मग कंट्रोलर जाऊ दे नाहीतर डबा जाऊ दे, कुठूनतरी वाट राहते. आता काय झालंय, उजवी उठते, काम उचलते, पण तिच्या केबली खालच्या डब्यात, आणि खालच्या डब्यात ऐकणारं कुणीच नाही. दिवा तर हिरवाच राहणार, केबल डब्याला जोडलेली आहे ना.

मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. त्या सुताच्या गाठी मी ओळखल्या होत्या. सरत आलेल्या ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्याला नव्या ताण्याचा दोरा जोडताना तशी गाठ मारतात, आणि वडगावात तेवढी बारीक गाठ एकच माणूस मारतो.

खंडेनवमीला शेड बंद असते. माग घासून पुसून, तेल देऊन, हळदीकुंकू लावून पुजतात. झेंडूच्या माळा घालतात. पेटी आल्यापासून पेटीचीही पूजा होते. यंदाच्या खंडेनवमीला मी निपाणीला होते, लेकीची ओटी भरायला. पेटी बंद करून गेले होते. परत आले, चालू केली, दिवे हिरवे लागले, पेटीला कुंकू लावलेलं होतं. मला बरं वाटलं होतं.

आप्पा दारातच होते. मी जाऊन उभी राहिले. "आप्पा, पेटीच्या मागच्या केबली..."

त्यांचा चेहरा उजळला. "बघितलीस व्हय? कसला गुंता करून ठेवलता त्या पोरानं. वरचं खाली, खालचं वर. खंडेनवमीला सगळ्या काढलो, फडक्यानं पुसलो आनि सरळ लावलो. एक दोरा दुसऱ्याला आडवा न्हाय आता."

आता मला सांगा, मी काय बोलावं? या माणसानं जन्मभर हेच केलं. हजारो दोऱ्यांत एक दोरा दुसऱ्यावरून गेला असला तर त्यांच्या बोटांना कळायचा, अंधारातही. लोक ताणा जोडायला त्यांना शहापूरहून बोलवायला यायचे. आणि मी म्हणजे धाकट्या भावाची बायको, कितीतरी वर्षं त्यांच्याशी दाराआडून बोललेली. पण निपाणीत लेक छत बघत पडली होती.

म्हटलं, "आप्पा, त्या आडव्याच पायजे हुत्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोण म्हणतंय?"

"टिळकवाडीचा पोरगा."

"त्याला ताणा जोडाय येतो?"

"न्हाय."

"मग झालं की." त्यांनी चपला पायांत घातल्या आणि चहा न घेता घरी गेले.

केबली बदलणं अवघड नव्हतं. मी पाच मिनिटांत बदलल्या असत्या आणि संध्याकाळची बस धरली असती. पण मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. किल्ली आप्पांकडे, फडकं आप्पांकडे. आठ-पंधरा दिवसांत पेटी पुसताना त्यांना परत गुंता दिसणार आणि त्यांचे हात गप्प बसणार नाहीत. राग म्हणून नाही, सरळ करायचं म्हणून. आणि मला कळणारही नाही, दिवे हिरवेच राहणार. म्हणजे केबली बदलून काही व्हायचं नव्हतं. आप्पांना पटलं तरच मी जाऊ शकत होते.

ती रात्र कशी काढली मलाच माहीत. सकाळी शेडवर गेले तर कुलूप उघडं, आणि आप्पा पेटीच्या पाठीमागे पाटावर बसलेले, हातात बॅटरी, नाक केबलींना लागेल इतके जवळ.

"धाकटे, हिकडं ये," ते म्हणाले. मला ते धाकटी म्हणतात, पहिल्यापासून. "राग सोड. मला एक सांग. परवा माग का थांबले? उजवी चालू हुती म्हणतीस न्हवं?"

मी शेजारी खाली बसले. पोरानं सांगितलं तसं सांगायला गेले, पोर्ट आणि स्विच आणि काय काय. आप्पा नुसते बघत होते. मग मी ते सोडून दिलं.

"आप्पा, समजा आमची आक्का तापानं पडलीय." आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली. "मी चुलीपुढं बसले. सैपाक केला, ताटं वाढली. खरं बाहेरच्या सोप्यात जेवणारी माणसं बसलीत आनि तिकडं जायचं दार आक्काच्या खोलीतनंच हाय. आनि ती खोली बंद. मग मी ताटं घेऊन कुठं जाऊ?"

"आपल्या घरात दोन दारं हुती," आप्पा म्हणाले.

"तेच सांगालेय."

त्यांनी बॅटरी इकडून तिकडे फिरवली. मग माझ्याशी नाही, केबलींशी बोलल्यासारखं म्हणाले, "ताण्यात आपण दोन काठ्या घालतो. पहिल्या काठीला एक दोरा वर, एक खाली. दुसऱ्या काठीला उलटं. दोन्हीच्या मधी दोरे आडवे जात्यात. ती आड असल्याबिगर दोरा तुटला तर त्याची जागा घावत न्हाय. त्याला कोण गुंता म्हणत न्हाय."

"न्हाय."

"मग त्या पोराला असं सांगाय काय झालंतं?"

मी हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातून काम होऊ दिलं नाही. आधी लाल सूत आणायला लावलं, डाव्या कंट्रोलरच्या दोन्ही केबलींना बांधलं. उजवीला पिवळं. कॉम्प्युटरला काळं. मग विचारत गेले, "लाल एक वर, एक खाली. पिवळं एक वर, एक खाली. काळंबी तसंच. व्हय?" मी व्हय म्हणत गेले. आड गेलेल्या जागी त्यांनी एक बारकी काठी सरकवली, ताण्यात घालतात तशी, केबली एकमेकींना घासू नयेत म्हणून. दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, काठी कशाला? मी म्हटलं, असू दे.

मग कंट्रोलर ओढायची वेळ आली. मी हात पुढे केला तर आप्पा म्हणाले, "सर बाजूला. वडतो मी." आणि ओढला. दिव्याकडे त्यांनी बघितलंच नाही. उठून दारात गेले आणि डोळे मिटून उभे राहिले, मागांचा आवाज ऐकत.

मी दिव्याकडे बघत होते आणि आप्पांच्या पाठीकडे. माग चालू राहिले. एकदा सगळ्यांचा ठेका जरासा अडखळला, आणि परत लागला. मी श्वास सोडणार तेवढ्यात कोपऱ्यातला एक थांबला.

"एक गेला," आप्पा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

दाराजवळची बाई म्हणाली, "तो माग त्याच्या मालकिणीवर गेलाय. तिलाबी कुणाची वाट बघाय आवडत न्हाय."

मी मात्र मोबाईल काढला. दुरुस्तीवाल्याला फोन. तो म्हणाला, दुसरी काम उचलते तेव्हा थोडा वेळ जातोच, बाकीचे माग तेवढा वेळ वाट बघतात, त्या एकाला वाट बघायची मुदत कमी लावलेली असेल. कुठं बदलायची ते सांगितलं. बदलली. आप्पांनी परत ओढला. या वेळी कुणी थांबलं नाही. मग डावा बसवून, तो पुरता जागा झाल्यावर, उजवा ओढला. मग वरच्या डब्याची वायर काढली. माग चालू. मग खालच्या डब्याची. माग चालू. मी म्हटलं, अजून एकदा. आप्पांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. "किती बारी वडशील? तुज्या हातनंच मोडंल ते. घरी जा, पिशवी भर."

मी दुपारची बस धरली. संकेश्वरच्या अलीकडं उसाचे ट्रॅक्टर लागले, एकामागं एक, बस मुंगीसारखी. तेवढ्यात मी दोनदा शेडवर फोन केला. दुसऱ्यांदा आप्पा म्हणाले, "तू अजून बसमधीच हाईस न्हवं? पोचलीस की कर."

निपाणीला गेले खरी, पण मन काही पुरतं पोचलं नाही. लेकीचे पाय चेपताना एक कान फोनकडे. सकाळी एक फोन, दुपारी एक. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "चालू हाईत." एवढंच. कधी कधी नुसतं "हं". त्या हंमध्ये काय आहे याचा मी अर्धा दिवस विचार करत बसायचे. लेक शेवटी चिडली. म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी आलीस का पेटीला माझ्याकडं हवापालटाला आणलीस?"

मी फोन कपाटावर ठेवला. तासाभरानं परत काढला.

मुलगी झाली. सुखरूप. बाळंतपणाचं मी इथं काही सांगत नाही, तिथं मी होते एवढं पुरे. कळा सुरू झाल्या तेव्हा जावई ड्युटीवर होता, रिक्षातून तिला मी नेलं, आणि तिनं माझ्या मनगटाला धरलं तिथं चार दिवस निळं होतं. त्या वेळात मला पेटी एकदाही आठवली नाही. नंतर आठवली तेव्हा दचकायला झालं.

बारशाला वडगावची माणसं गाडी करून आली. आप्पाही आले, धोतर-टोपी घालून. मी काय केलं होतं सांगते. कुणाला न सांगता माझी पिशवी भरून दाराआड ठेवली होती. याच गाडीतून परत जायचं, दोन दिवस शेड बघायची, लगेच यायचं, असं. लेक अजून ओली बाळंतीण, बाळ रात्रभर जागवणारं, आणि मी पिशवी भरून बसलेली. पण नाही राहवत तर काय करू?

जेवणं झाली. आप्पा पान लावत बसले होते. मी जवळ जाऊन विचारलं, "पेटी कशी हाय?"

"बरी हाय. मधी डाव्याला पिवळा लागलता."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय लागलतं?"

"पिवळा. मग तो पुरताच मेला. आठवडाभर उजवीवरच चाललं. त्या पोराला बोलवलो, तो दुसरा घेऊन आला, बसवला. आता दोन्ही हिरवे."

"आनि मला फोन?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आप्पा, मी दिवसातनं दोनदा विचारत हुते तुमाला."

"माग चालू हाईत का, एवढंच इचारत हुतीस. चालू हुते, म्हणून सांगितलो." त्यांनी पान तोंडात घातलं. "एकबी साडी खराब न्हाय झाली. थांबले आसते तर केलो आसतो की फोन. पोरगी बाळंतपणाला टेकली हुती, तुला सांगून काय, तू गाडीला लोंबकळत आली आसतीस."

मला राग आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही. आठवडाभर एकीवर चाललं होतं आणि मी इथं बसून डिंकाचे लाडू वळत होते. तिलाही काही झालं असतं तर? मी तसं म्हणालेसुद्धा. आप्पा म्हणाले, झालं न्हाय. मी विचारलं, नवीन बसवल्यावर ओढून बघितला का? ते म्हणाले, "बघितलो. दोन्हीबी. दारात हुबा राहून ऐकलो. तुज्यावानी धा बारी न्हाय वडलो, एकदाच."

आतून बाळ रडायला लागलं. लेक उठून बसली होती, तिनं दाराआडची पिशवी बघितली असावी, कारण ती माझ्याकडे न बघता आप्पांना म्हणाली, "आप्पा, आईला नेता काय आजच?"

आप्पांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "न्हाय गं. गाडीत जागा न्हाय," ते म्हणाले.

गाडीत जागा होती, मीच सकाळी माणसं मोजली होती.  गाडी सुटेपर्यंत दारात उभी राहिले आणि खिडकीतून त्यांना सांगितलं की कोपऱ्यातल्या मागाची मुदत एकदा बघा, नवीन कंट्रोलर बसवल्यावर ती बदलत असेल तर. ते हं म्हणाले. मग आत येऊन पिशवीतली लुगडी काढली आणि लेकीच्या कपाटात, तिच्या साड्यांच्या शेजारी, घडी करून ठेवली.